चार टायर आणि लातूरचं वळण

नांदेडला लातूर फाट्याजवळ माझं टायरचं दुकान आहे. दुकानाच्या मागे झिजलेले टायर साचतात आणि पुढच्या बाकड्यावर किस्से. दोन्ही कधी वाढतात ते कळत नाही. पूर्वी मागचा ढीग कुणी वीटभट्टीला न्यायचं, कुणी होळीला. आता नियम आला की जुन्या टायराचं पुढं काय झालं याचा हिशोब टायर बनवणाऱ्यानं ठेवायचा. त्यामुळे हल्ली गाडी येते आणि मागचा ढीग रीतसर उचलून नेते. पुढचा ढीग उचलायला मात्र अजून सरकारनं कुणाला पाठवलेलं नाही! म्हणून आज मीच थोडा रिकामा करतो.

*

नवा नियम आला तेव्हा टायरांवर ताऱ्यांची स्टिकरं चिकटून यायला लागली. टायर किती हलका फिरतो, म्हणजे पेट्रोल किती वाचवतो, ओल्या रस्त्याला किती धरतो, आवाज किती करतो, हे सगळं आता तपासून घ्यावं लागतं. मी कंपनीच्या ट्रेनिंगला जाऊन आलो, चहा-बिस्किट खाल्लं आणि गिऱ्हाइकांना समजावून सांगायला लागलो.

देगलूरकडचे एक पाटील आले. तारे बघून त्यांनी विचारलं, हे फ्रीजसारखं आहे का? मी म्हटलं, तसंच समजा. पाटलांनी जास्त ताऱ्यांचे चार टायर घेतले आणि आमच्या सलीमला स्टिकर अलगद काढून द्यायला सांगितलं. सलीम म्हणजे माझा फिटर, वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि वीस वर्षं माझं ऐकत नाही. त्यानं स्टिकर काढून दिलं. पाटलांनी ते समोरच्या काचेवर, टोलच्या स्टिकरच्या शेजारी लावलं.

महिनाभरानं पाटील परत आले ते खूश होऊनच. रस्त्यात पोलिसानं अडवलं, पीयूसी मागितली. ती संपलेली होती. पाटलांनी काचेकडे बोट दाखवलं. पोलिसानं तारे मोजले आणि गाडी सोडली!

*

आता दत्ता सरांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे. सर मुखेड तालुक्यात शाळेवर विज्ञान शिकवतात आणि नांदेडहून रोज अपडाऊन करतात. त्यांच्याकडे एक जुनी लाल पेट्रोल गाडी आहे. सरांनी ती इतकी खाली बसवून घेतलीय की स्पीडब्रेकर आला की सर आधी श्वास आत ओढतात. त्यांच्या आईला गाडीत बसवायला एक माणूस लागतो आणि बाहेर काढायला दोन.

लातूरजवळच्या एका साखर कारखान्याचं ऊस उतरवायचं आवार काँक्रीटचं आहे. गाळप सुरू व्हायच्या आधी ते मोकळं असतं. तिथं दरवर्षी नांदेड आणि लातूरचे गाडीवेडे जमतात, प्लास्टिकचे शंकू मांडतात आणि एकेकानं घड्याळावर गाडी पळवतात. दोन फेऱ्या, दोन्हींची वेळ मिळवायची. नांदेडकडून दत्ता सर आणि लातूरकडून डॉक्टर शरद, दातांचे. शरद म्हणजे सरांचा सख्खा मेहुणा, सरांच्या पत्नी शोभावहिनींचा धाकटा भाऊ. सर सलग तीन वर्षं त्याच्याकडून हरलेत. नांदेड आणि लातूरमध्ये कशाकशावरून भांडणं चालतात ते तुम्हाला माहीत आहेच, त्यात हे एक घरातलं.

गेल्या वर्षी हरल्यावर वहिनी थेट माझ्या दुकानात आल्या. सर बाकड्यावर चहा पीत होते.

"पुढच्या वर्षी बी हरलात तर ही गाडी विकायची," वहिनी म्हणाल्या. "आत्याबाईंना सरळ बसता येईल अशी गाडी दारात पाहिजे. सगळ्यांदेखत सांगून राहिले." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सलीमकडे बघितलं. सलीम पंक्चर शोधायला लागला, गाडी नसताना!

*

सरांचा सगळा जीव एका ठरावीक टायरवर होता. रबर मऊ, वळणाला रस्ता धरून ठेवणार, झिजणार मात्र भराभर आणि पेट्रोलही पिणार. नियम आला आणि कंपनीनं तो टायर बंद केला. सरांना हे आधीच कुठूनतरी कळलं होतं. त्यांनी शेवटचे चार टायर माझ्याकडून उचलले आणि योग्य वेळेसाठी जपून ठेवले.

जपले कुठं, तर गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. ऊन लागू नये म्हणून वहिनींच्या जुन्या साड्यांत गुंडाळून. वर दोन उन्हाळे गेले, आणि उन्हाळे नांदेडचे. उष्णतेनं रबराचं काय होतं हे सर दरवर्षी पोरांना शिकवतात, परीक्षेला विचारतातही.

यंदा त्यांनी ते टायर बाळंतिणीला आणावं तसे दुकानात आणले. सलीमनं एक साडी सोडली, रबरात नख रोवून बघितलं. नख दुखलं. दुसरा टायर बघितला, तिसरा बघितला.

"सर," तो म्हणाला, "ये टायर नै, चक्की के पाट हैं. दळण टाको."

सरांनी साडी परत टायराला गुंडाळली. खरंच वाईट वाटलं मला. शेवटी ते टायर त्यांनी शाळेत नेले, अर्धे जमिनीत पुरले, रंग दिला आणि भोवती झेंडूची रोपं लावली. रेसिंगसाठी साठवलेल्या त्या टायरांमुळे शाळेला तालुक्याचं पर्यावरणपूरक शाळा म्हणून बक्षीस मिळालं. सरांना व्यासपीठावर बोलायला सांगितलं तेव्हा 'टायर' एवढा एकच शब्द बोलून त्यांनी रुमाल काढला. लोकांना वाटलं, किती तळमळ आहे निसर्गाची!

*

तरी सरांनी आशा सोडली नाही. कुणीतरी सांगितलं की किनवटला एका दुकानात जुना माल पडून आहे. एका रविवारी आम्ही दोघं निघालो. किनवटच्या दुकानदारानं मोठ्या प्रेमानं आत नेलं आणि जो जुना माल दाखवला तो ट्रॅक्टरचा होता.

आलोच आहोत तर देवीचं दर्शन घेऊ म्हणून माहूरला गेलो. घाटात सर मला वळण कसं घ्यावं ते शिकवत होते. ब्रेक कुठं मारायचा, भार कुठल्या चाकावर टाकायचा, नियमांनी चालवणाऱ्यांचं कसं वाटोळं केलं, सगळं. तेवढ्यात मागून एक जीप आली. आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. ऐन वळणावर तिनं आम्हाला बाहेरून ओव्हरटेक केलं. जीपवाल्याचा एक हात बाहेर होता, तो टपावरच्या माणसाला चुना-तंबाखू देत होता.

वर गडाखाली जीप उभी दिसली. सर सरळ तिच्या टायरांपाशी जाऊन उकिडवे बसले. टायर तळहातासारखे गुळगुळीत होते. सरांनी जीपवाल्याला विचारलं, हे टायर कोणते?

जीपवाल्यानं वाकून, बहुधा पहिल्यांदाच, आपल्या टायरांकडे बघितलं आणि हात जोडले. "मला काय म्हाईत सर. देवीलाच म्हाईत."

परत येताना सरांनी मला काहीही शिकवलं नाही.

*

तिकडे लातूरला डॉक्टर शरदची काय तयारी चालली होती तेही ऐका. शरद तिथल्या एका हरित मंडळाचा अध्यक्ष आहे. दरवर्षी झाड लावतो, फोटो चांगला येतो म्हणून त्याच खड्ड्यात लावतो. कमी पेट्रोल पिणाऱ्या टायरांवर त्यानं एक व्याख्यानही दिलंय.

आणि स्वतःसाठी त्यानं बाहेरून कुठूनतरी शर्यतीचे टायर मागवले. जवळजवळ बिनखाचांचे, च्युइंगमसारखे मऊ, रस्त्यावर चालवायला मनाई असलेले. आता रस्त्यावर चालवता येत नाहीत म्हटल्यावर ते आवारापर्यंत जाणार कसे? शरदनं त्यासाठी एक डिझेल पिकअप ठेवली. पुढं शरदची गाडी, मागं टायर घेऊन काळा धूर सोडत पिकअप, सरावाला रोज.

मी एकदा त्याला विचारलं, डॉक्टर, दोन मिनिटांच्या फेरीसाठी एवढं? त्यानं शांतपणे सांगितलं की पिकअपलाही जास्त ताऱ्यांचेच टायर घातलेत.

*

शेवटी दत्ता सरांनी नाइलाजानं नव्या नियमाचे टायर बसवायला सांगितले. बसवताना वहिनीही आल्या होत्या, कारण बिल त्या तपासतात. वहिनी लातूरच्या. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला घालणाऱ्या, आणि माहेरच्या माणसांचे फोन विसरतील पण टँकरवाल्याचा नंबर पाठ असणाऱ्या. त्यांनी स्टिकर नीट वाचलं. ह्या पंपाच्या चित्राचा अर्थ काय, ह्या पावसाच्या ढगाचा काय? मी सांगितलं, ढगाला चांगली खूण आहे म्हणजे ओल्या रस्त्यावर टायर सोडत नाही. यांच्या मेहुण्याचे टायर कोरड्यात भारी, पण त्यांना खाचाच नाहीत, पाणी जायला वाट नाही. वहिनी हं म्हणाल्या आणि बिलातले दोनशे रुपये कमी करायला लावले.

टायरांनी कमाल केली. मायलेज वाढलं, आवाज बंद झाला. शाळेतले तीन सहकारी म्हणाले, सर आता आम्हीबी तुमच्यासंगंच येतो, झोप मस्त लागते. आपली रेसिंगची गाडी लोकांना झोपायला आवडते हे ऐकून सर खचले. कोरड्या मैदानावर सराव केला तर गाडी वळणाला बाहेर बाहेर सरकायची.

"ह्यो टायर पेट्रोल वाचवतो," सर मला म्हणाले, "गाडी न्हाई वाचवत."

घरी एव्हाना सात सीटच्या गाड्यांची माहितीपत्रकं येऊन पडली होती. त्यांच्या आईनं रंगही निवडला होता.

*

आता शेवटचा, आणि माझ्या मते या बाकड्यावरचा सगळ्यात भारी.

यंदा कारखान्यानं आवार द्यायला एक अट घातली. पर्यावरणाचं प्रकरण आहे, शेजारच्या गावात धूळ उडता कामा नये. उडालीच तर पाणी मारायचं. शरदनं लगेच हो म्हटलं, तो हरित मंडळाचा अध्यक्षच. वहिनींच्या माहेरच्या, म्हणजे त्याच्याच लहानपणच्या गल्लीतल्या बसूअण्णाचा टँकर सांगून ठेवला आणि तेवढ्यावर भाषणही केलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी वहिनींनी नवऱ्याच्या हातावर दहीसाखर ठेवली, मग भावाच्या हातावर ठेवली आणि लातूरच्या मांडवात जाऊन बसल्या. सरांचा चेहरा उतरला. पहिली फेरी कोरड्यात झाली. शरदची गाडी वळणांना चिकटून गेली. सरांची चारही वळणांना रुसल्यासारखी बाहेर गेली. फरक एवढा पडला की लातूरवाल्यांनी पेढे उघडले. सर माझ्याजवळ येऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. बारा वर्षांची गाडी आहे हो, एवढंच म्हणाले.

दुपारी वारा सुटला आणि धूळ उठली. कारखान्याचा माणूस धावत आला. बसूअण्णानं टँकर आत घातला आणि पाणी मारत सावकाश फिरला. मोठ्या दोन वळणांवर तर तो पुन्हा पुन्हा गेला. नांदेडवाले म्हणाले, लातूरच्या लोकांनी एवढं पाणी जमिनीवर ओतलेलं आम्ही उभ्या जन्मात बघितलं नाही!

दुसऱ्या फेरीला शरद निघाला तो सकाळच्याच वेगात. पहिल्या मोठ्या वळणावर त्याची गाडी वळलीच नाही. सरळ गेली, शंकू घेऊन गेली आणि गेल्या हंगामातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, ढिगात बॉनेटपर्यंत शिरली. शरदला काही झालं नाही, फक्त तोंडात चिपाड गेलं. त्याला बाहेर काढून, गाडी ओढून घड्याळ थांबेपर्यंत लातूरच्या मांडवात कुणी पेढा खात नव्हतं.

मग सर निघाले. सगळा पावसाळा मुखेडच्या रस्त्यावर अपडाऊन केलेला माणूस तो. पाऊस पडतोय आणि प्रार्थनेला उशीर होतोय, अशा बेतानं त्यांनी गाडी नेली. एकही शंकू न पाडता आले. टायर कुठंही सरकला नाही. बेरीज झाली आणि नांदेड जिंकलं.

सर गाडीतून उतरले ते रडतच. जो नियम वर्षभर शिव्या देऊन देऊन त्यांनी झिजवला होता, त्याच नियमाच्या टायराला त्यांनी वाकून हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. शरद बगॅस झटकत आला, दाजींच्या पाया पडला आणि म्हणाला की नशीब तुमचं, नेमका तेव्हाच वारा सुटला. सगळ्यांनी मान डोलावली. वहिनींनी तेवढंच सांगितलं की गाडी राहू द्या, पण आत्याबाईंसाठी थोडी वर उचलून घ्या. सर लगेच कबूल झाले.

मांडव उतरत होता. मी आणि वहिनी रिकामे डबे पिशवीत भरत होतो. बसूअण्णा टँकर घेऊन निघाला, आमच्यापाशी थांबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला,

"अक्का, तुम्ही फोनवर म्हणल्यावानी दोन्ही वळणं चांगली भिजिवली बघा. टाकीत अजून हाय थोडं. मारू का?"

वहिनींनी डब्याचं झाकण दाबून लावलं.

"नको आता," त्या म्हणाल्या. "लातुरात पाणी वाया घालवायचं न्हाई."