नसलेल्या संघाचे आमचे साडू

बंद पडलेल्या दुकानासमोर निष्ठेने रांग लावून उभा राहील असा माणूस अख्ख्या मिशिगन राज्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. आम्ही दोघंही इथल्या नोव्हाय गावात राहतो, दोघंही गाड्यांच्या कंपन्यांत पोट भरतो आणि साम्य तिथेच संपतं. मी क्रिकेटसुद्धा हायलाइट्सपुरतं बघणारा माणूस, तर साडू एका जपानी बेसबॉल संघाचे कट्टर चाहते. यातही नवल नाही, लोक कशाकशाचे चाहते असतात. नवल हे, की तो संघ बंद पडून वीसेक वर्षं होऊन गेली.

तरुणपणी कंपनीने साडूंना जपानला पाठवलं होतं. भाषा येईना, जेवण घशाखाली उतरेना, तेव्हा हे शाकाहारी गृहस्थ भात-लोणचं खाऊन संध्याकाळी स्टेडियममध्ये जाऊन बसायला लागले. तिकडे संघ कंपन्यांच्या मालकीचे असतात. हा एका रेल्वे कंपनीचा होता. तिच्या गाड्या वेळेवर धावायच्या आणि संघ वेळेवर हरायचा. साडूंचा जीव जडला. ‘जिंकणाऱ्या टीमला आपली गरज नसते रे,’ असं ते मला अजून समजावतात. पुढे साडूंची इकडे बदली झाली आणि त्याच वर्षी रेल्वेला खर्च झेपेना म्हणून तो संघ शेजारच्या संघात विलीन करून टाकला. साडूंनी त्या विलीनीकरणाला आजतागायत मान्यता दिलेली नाही.

दर रविवारी जुन्या सामन्याची कॅसेट लागते. सामना पंचवीस वर्षांपूर्वीचा असला, साडूंनी तो दहादा पाहिलेला असला, तरी निकालाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. इथेच जन्मलेली त्यांची मुलगी एकदा म्हणाली, “बाबा, दॅट टीम डझन्ट इव्हन एक्झिस्ट.” साडू शांतपणे म्हणाले, “म्हणून काय चिअर करायचं सोडायचं?”

जपानी प्रेक्षकांचा एक शिरस्ता आहे. आपला संघ फलंदाजीला आला की बेंबीच्या देठापासून ओरडायचं, समोरच्यांची पाळी आली की गप्प बसायचं, कारण ती वेळ त्यांच्या चाहत्यांची. साडूंनी हे संसारालाही लावलं. ताई भांडायला लागल्या की हे हाताची घडी घालून ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, “तुझी बॅटिंग झाली? मग मी सुरू करतो.” इतक्या वर्षांत एकदाही मनासारखं भांडता आलं नाही, अशी ताईंची तक्रार आहे. शिवाय तिकडे प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं, म्हणून साडूंनी तमाम नातेवाइकांची गाणी रचून ठेवली आहेत. माझंही आहे. ऐन जानेवारीत मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असतो आणि हे कडेला उभे राहून रंगाच्या रिकाम्या बादलीवर ठेका धरून ते गातात. फावड्याला हात लावत नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, “साडूभाऊ, जरा मदत करा की.” त्यावर म्हणाले, “प्लेअरच्या कामात फॅनने पडायचं नसतं.”

एक कॅसेट मात्र त्यांनी कधीच लावली नव्हती. संघाचा शेवटचा सामना. जपानमधल्या मित्राने पाठवलेली, पाकीटसुद्धा न फोडलेली. निकालही त्यांनी कधी कानावर पडू दिला नाही. ‘मी बघत नाही तोवर सीझन चालू आहे,’ हे त्यांचं म्हणणं. मी यावर यथेच्छ हसलेलो आहे.

गेल्या वर्षी जपानी किराणा दुकानात त्यांना त्याच संघाची टोपी घातलेले एक आजोबा भेटले. साडूंनी टोफूची पाकिटं खाली ठेवून तिथेच कमरेत वाकून नमस्कार केला. आजोबा मुलाकडे राहायला आले होते. स्टेडियममध्ये ढोल वाजवून गाणी सुरू करून देणाऱ्यांचे ते म्होरके. ते काम करणारा माणूस प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे मैदानाकडे पाठ. आजोबांनी उमेदीची सगळी वर्षं त्या संघापायी घालवली आणि खेळ असा पाहिलाच नाही, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा. आता मुलाची बदली झाली होती, ते कायमचे परत निघाले होते. तिकडे त्यांच्याबरोबर बसणारं कुणी उरलं नव्हतं. जाण्यापूर्वी तो सामना एकदा डोळ्यांनी बघायचाय, असं त्यांनी साडूंना सांगितलं.

साडू माझ्याकडे येऊन बसले. मी म्हटलं, “देऊन टाका ना कॅसेट.”

“एकट्याने मॅच बघतात का?” ते म्हणाले. “पण मी पाहिली की संपलं रे.”

त्या दिवशी मला हसू आलं नाही. वाईट वाटलं.

रविवारी आजोबा आले. ताईंनी पोहे केले. साडूंनी पाकीट फोडलं, कॅसेट लावली, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, आणि बादली घेऊन टीव्हीकडे पाठ करून आजोबांसमोर उभे राहिले. मग पहिला फलंदाज आला तसं त्यांनी त्याचं नाव उच्चारलं आणि साडूंनी गाणं सुरू केलं. साडूंचा घेर असा, की आजोबांना मान वाकडी करून बघावं लागत होतं. शेवटी मीच साडूंना थोडं डावीकडे सरकवलं. साठी उलटलेला हा माणूस शेवटपर्यंत उभा होता. समोरच्यांची पाळी आली की तोही गप्प आणि आम्हीही. सामना संपला, खेळाडूंनी टोप्या काढून प्रेक्षकांसमोर रांगेत कमरेत वाकून नमस्कार केला. आजोबा सोफ्याचा हात धरून उठले आणि वाकले. साडूही वाकले.

आजोबा जपानला परत गेले. साडूंना निकाल अजून माहीत नाही. सामनाभर ते आजोबांचा चेहरा बघत होते, पण आजोबा पहिल्यापासून रडतच होते, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मला माहीत आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा जेवताना साडूंनी एवढंच विचारलं, “आजोबांना मॅच नीट दिसली ना रे?”

“दिसली,” मी म्हटलं. “शेवटच्या बॉलपर्यंत.”

ते बराच वेळ वरणभात कालवत बसले.