गिरजाबाईची राहिलेली साक्ष
मधल्या सुट्टीत डबा संपला की सरकारी वकील वैजयंती देशमाने यांचा खुर्चीतच डोळा लागतो. पन्नाशी उलटलेली, समोर फायलींचा ढीग, वर कुरकुरणारा पंखा. कोण नाही पेंगणार? अडीच वाजता नवऱ्याच्या खुनाच्या खटल्यात शेवंताची साक्ष आहे, तिचा जबाब एकदा नजरेखालून घालायचाय, असं म्हणता म्हणता पापण्या जड होतात. तेवढ्यात दारात शेवंताची सासू गिरजाबाई उभी दिसते. तिला जाऊन दोन वर्षं झाली. वैजयंतीबाईंना भीती वाटायला हवी, पण वाटते ती लाज, आणि त्या उगाचच फाइल चाळू लागतात.

“बसा मावशी, बोलावते,” त्या सवयीनं म्हणतात.

“त्या दिवशीबी असंच म्हणला होता,” गिरजाबाई म्हणते. “चार येळा.”

खरंच चार वेळा. गिरजाबाईच्या लेकाचा खून तिच्या डोळ्यांदेखत झाला होता. साक्षीच्या दिवशी ती सकाळी दहापासून कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होती आणि वैजयंतीबाई तिच्यासमोरून गेल्या, आल्या, एकदाही टेकल्या नाहीत. मग पिंजऱ्यात उभी राहून गिरजाबाई म्हणाली, मला काही दिसलं नाही. बाईंनी तडक न्यायाधीशांना सांगितलं की साक्षीदार फितूर झाली आहे. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची तर तसं सांगायची रीतच आहे. पुढं अर्धा तास त्यांनी म्हातारीला असं काही सोलून काढलं की आरोपीच्या वकिलाला कामच उरलं नाही.

आता खोली नाही. तोच बाक आहे, पण ज्वारीच्या वावरात मांडलेला, आणि वर पंखा मात्र फिरतोय.

“फितूर म्हंजे काय वो, बाई?”

“कायद्यातला शब्द आहे तो, मावशी.”

“आमच्या गावातबी हाय. गनिमाला आतून दार उघडून देतो, त्यो फितूर. मी कुणाला दार उघडलं?”

वैजयंतीबाई वर पंख्याकडे बघतात.

“गावानं मरेस्तोवर त्याच नावानं हाक मारली. मी नळावर गेले की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. म्हणायच्या, पोटच्या पोरावर उलटली.”

“मग खोटं का बोललात?”

हेच त्यांनी तेव्हा भर कोर्टात विचारलं होतं, आवाज चढवून. आज हळू विचारतात. हा प्रश्न आधी बाकावर विचारायचा होता, हे विचारता विचारताच त्यांना कळतं आणि कानशिलं तापतात.

गिरजाबाई नुसतं बोट दाखवते. बाकावर आरोपीचा चुलता बसलाय. त्याच्या मांडीवर गिरजाबाईची चार वर्षांची नात. तो तिची वेणी घालतोय, अगदी सावकाश, आणि म्हणतोय, “पोर लई गोड हाय, म्हातारे. जप हिला.”

“तुमच्या तोंडाकडं बघत हुते मी,” गिरजाबाई म्हणते. “बाई थांबली की सांगावं, म्हणून.”

वेळ नव्हता, असं म्हणायला वैजयंतीबाई तोंड उघडतात. पण चहाला वेळ होता, हे त्यांना पक्कं आठवतं.

“चुकले मी, मावशी. मला विचारायचं सुचलंच नाही.”

ज्वारीत साक्षीदाराचा पिंजरा उभा आहे. न्यायाधीशांच्या खुर्चीवर पाखरं दाणे टिपतायत. गिरजाबाई पदर सावरून पिंजऱ्यात चढते आणि खणखणीत सांगते, कोण आलं, कुणाच्या हातात काय होतं, पोरगा कसा पडला. एकदाही अडखळत नाही.

“घ्या, सांगितलं समदं. अंगठा कुठं देऊ?”

वैजयंतीबाई कागद शोधतात, पर्स उलटी करतात, कोटाचे खिसे चाचपतात. गेलेल्या माणसाची साक्ष घ्यायला कागद नसतो, हे वकिलाला कुणी सांगायला नको. शेवटी त्या आपला हातच पुढं करतात. गिरजाबाई त्यांच्या तळहातावर अंगठा दाबते. अंगठा गार आहे, ओला आहे, आणि दुखेल इतका जोर आहे त्यात.

“शेवंता कवाची बाहेर बसलीय, बाई.”

शिपाई दार वाजवतो. “मॅडम, अडीचला पाच कमी.”

वैजयंतीबाई दचकून उठतात. उजव्या तळहातावर निळ्या शाईचा अंगठा आहे, रेघ न् रेघ स्पष्ट. टेबलावरचा शाईचा पॅड बंद आहे. त्या दोनदा बघतात.

त्या बाहेर येतात. व्हरांड्यात बाकाच्या एका टोकाला शेवंता आहे, दुसऱ्या टोकाला आरोपीचा चुलता. वैजयंतीबाई काळ्या कोटासकट मधोमध जाऊन बसतात.

“शेवंताताई, आत चला, पाणी घ्या. कुणी काही म्हटलं असेल, धमकावलं असेल, तर आधी मला सांगा. संरक्षण मागता येतं. अर्ज मी आजच देते. तोवर साक्ष थांबवायला सांगते.”

चुलता घसा खाकरतो. शेवंता मान वर करत नाही. तिची नजर बाईंच्या हातावर खिळलेली असते.

“बाई, हे काय लागलंय हाताला?”

“तुमच्या सासूबाईंची साक्ष,” वैजयंतीबाई म्हणतात. “घ्यायला मीच उशीर केला.”