रेड्याचं बारसं

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी आणि आमच्या ह्यांनी मिळून एक मोडका ट्रक घेतला. मी तेव्हा त्या घरात आले नव्हते. राजारामपुरीत घरामागच्या पत्र्याच्या शेडात दोघे भाऊ वर्षभर खपले. इंजिन सगळं उतरवून पुन्हा जोडलं, मागं लाकडी बाकं ठोकली, ताडपत्री चढवली आणि लष्करी हिरव्यावर काळा रंग फासला.

तेव्हा कोल्हापुरात अशा गाड्या बऱ्याच फिरत आणि लोक त्यांना नावानं ओळखत. उड्या मारत जाणारी एक जीप होती, ती बेडकी. एका जुन्या ॲम्ब्युलन्सवरचा लाल क्रॉस कितीही रंग दिला तरी खालून डोकावायचा, ती नर्सबाई. आमचा ट्रक म्हणजे रेडा. रंग तसा, हॉर्न रेकल्यासारखा, आणि ओढ्यात शिरला की मधोमध बसकण मारायचा.

माझं माहेर चंदगडाकडच्या डोंगरात. वऱ्हाड त्याच ट्रकातून आलं. अख्खा गाव गाडी बघायला जमला आणि तिथंच घोटाळा झाला. वऱ्हाडातल्या एकानं सहज आरोळी दिली, रेडा जरा सावलीला लावा. ते माझ्या आत्यानं ऐकलं. आत्या आमच्याच गावात दिलेली, आणि आमच्या घरात तिच्या शब्दापुढं वडीलही जात नसत. रेडा कोण, कुठला, सगळी चौकशी करून ती थेट मांडवात आली.

"रेडा म्हंजे यमाचं वाहन," ती थोरल्या दिरांना म्हणाली. "त्यात बसवून आमची पोरगी सासरला धाडायची न्हाय."

वडील काकुळतीला आले, कोणी बैलगाड्यांची भाषा काढली. मी आत मुंडावळ्या बांधून सगळं ऐकत बसले होते. थोरले दीर मात्र शांत होते. त्यांनी आत्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्याबाई, नाव वंगाळ हाय हे खरं. पण नाव ठेवायचा मान आत्याचाच की. तुम्हीच चांगलं ठेवा."

मानाला ती नाही कशी म्हणणार? अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन ट्रकापुढं गेली. बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं. मग अडलं ते कानाशी. ट्रकाचा कान कुठला? बराच खल होऊन डाव्या दिव्यामागची जागा ठरली. तिथं तोंड नेऊन तिनं "नंदी" असं हळूच सांगितलं आणि बारशाच्या रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. वर्षानुवर्षं तिचा धाक सोसलेल्या बायका होत्या त्या. एकीनंही हात राखला नाही.

आत्याच माझी पाठराखीण. ती पुढं दिरांशेजारी बसली, आम्ही नवरानवरी मागं बाकावर. गडहिंग्लजच्या अलीकडं ओढा लागला. पाणी गुडघाभरच होतं, पण मधोमध जाऊन नंदी बसला. मंडळी खाली उतरली. इंजिनातलं पाणी पुसायला कोरडं फडकं कुठं मिळेना, तेव्हा ह्यांनी आपलं उपरणं पुढं केलं. त्या उपरण्याला माझ्या शालूची गाठ होती, आणि घरच्या देवापुढं गेल्याशिवाय ती सोडायची नाही असा आत्याचा हुकूम. मग काय, हे जिकडं तिकडं मी. शालू खोचून मीही पाण्यात उतरले आणि ह्यांच्या खांद्याशी उभी राहून इंजिनात डोकावले.

लग्न ठरल्यापासून आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. हे पुसता पुसता मान वर न करता म्हणाले, "हे झाकण धरशील?" मी धरलं. मग मीच विचारलं, ही वायर कशाची? ह्यांनी सांगितलं. मी पुढचं विचारलं, ह्यांनी तेही सांगितलं. मागून थोरले दीर खाकरले तेव्हा कळलं, गाडी केव्हाच चालू करण्याजोगी झाली होती.

उपरण्याचं आणि माझ्या पदराचं तेलानं वाटोळं झालं. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडताना सासूबाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "हिला पण लावलंस व्हय कामाला?" आणि हसत आत घेतलं.

पुढं काही वर्षं त्या ट्रकानं गूळ वाहिला, बाजारच्या दिवशी माणसंही. आत्या सोडून त्याला नंदी कोणी म्हटलं नाही. मग एसटी गावोगाव जाऊ लागली, तेव्हा भावांनी ट्रक विकून शेडातच गॅरेज काढलं. दुपारी मी डबा घेऊन जायची. ह्यांचं जेवण होईतो दोन-चार प्लग घासून ठेवायची आणि गाडी दुरुस्तीला आणणारे पावणे माझ्याकडं बघतच राहायचे.