इफ म्हणजे हात

"जे के पी ओ सेमीकोलन... इफ... एम के सेमीकोलन के एच... इफ..."

"अहो, बंद करा ती कटकट!" बायको तयानी स्वयंपाकघरातून ओरडली. "मी वाफवायच्या पुट्टूला पीठ भिजवतेय, आणि तुमचा तो बाबा इंग्रजी बाराखडी म्हणत बसलाय."

"बाबा नाही, बाई आहे. आवाज ऐक नीट."

"मग तर आत्ताच्या आत्ता बंद करा."

नगुलेसन सर हसले, पण कॉम्प्युटर बंद केला नाही. पडदा वाचून दाखवणारी ती बाई, म्हणजे त्यांचा स्क्रीन रीडर, बाकी सगळीकडे स्वच्छ तमिळ बोलायची. वर्तमानपत्रं, पत्रं, विद्यापीठाची पानं, सगळं घडाघडा वाचायची. श्रीलंकेत जाफन्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांनी फार पूर्वी उभारलेली एक वेबसाइट उघडली, की मात्र तिची जीभ अशी अडखळायची. ती साइट जुन्या फाँटात होती. आत साठवलेली अक्षरं इंग्रजी, वर फक्त मुखवटा तमिळचा. डोळे मुखवट्याला फसतात. स्क्रीन रीडरला डोळे नसतात, आणि सरांनाही नव्हते. लहानपणी आलेल्या तापात त्यांची दृष्टी गेली होती.

एरवी त्यांनी त्या साइटची पर्वा केली नसती. पण सकाळीच प्रिन्सिपल सिवयोगम बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं होतं.

"रागावू नका, सर," बाई म्हणाल्या होत्या. "वावुनियाहून नवे सर येताहेत. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसणारा वरचा वर्ग त्यांना देऊ. तुम्ही खालचे घ्या."

"मी शिकवतो त्यात काही कमी आहे?"

"शिकवण्यात नाही. पण जुन्या प्रश्नपत्रिका, तपासनिसांच्या सूचना, सगळं त्या साइटवर आहे. पोरं तुम्हाला वाचून दाखवतात, मग तुम्ही समजावता. अर्धा तास वाचनातच जातो. परीक्षा त्यांची आहे हो."

सरांना राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हत्या. म्हणून ते एवढंच म्हणाले, "वर्ग माझा आहे. ती साइट मी स्वतः वाचेन."

"कशी?"

"ते नवी टर्म सुरू व्हायच्या आत दाखवतो."

आणि आता तोंडात ताडगुळाचा खडा, हातात काळा चहा, आणि कानात ही उचकी. सरांनी पान पुन्हा पहिल्यापासून लावलं, एकेक अक्षर सुटं वाचायला सांगितलं. जे. के. पी. ओ. सेमीकोलन. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात टेबलाच्या कडेवर आपणहून हलतोय.

तरुणपणी मानिपाय रस्त्यावरच्या टायपिंगच्या क्लासात ते तमिळ टायपिंग शिकले होते. तिथल्या बाई चुकलेल्या बोटावर पट्टी मारायच्या. डाव्या तर्जनीखाली 'क', उजव्या तर्जनीखाली 'त', असं बोटांना पाठ झालं होतं. त्याच कळांना इंग्रजीत एफ आणि जे म्हणतात, हे पुष्कळ नंतर कॉम्प्युटरवर कळलं. कानांनी ती दोन ज्ञानं कधी जोडलीच नव्हती. बोटांनी आज जोडली. जे म्हणजे त. के म्हणजे म. पी म्हणजे वेलांटी. सगळा शब्द उजव्या हाताचाच.

"तमिळ!" सर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की तयानी पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं?"

"जे के पी ओ सेमीकोलन म्हणजे तमिळ! आणि ते एम के सेमीकोलन के एच आहे ना, ते अम्मा. ही बाई बडबडत नव्हती गं, टायपिस्टनं कुठल्या कळा दाबल्या ते सांगत होती."

"आणि ते सारखं सारखं इफ?"

सरांनी हवेत दोन कळा दाबल्या. आधी उजवं मधलं बोट, मग डावी तर्जनी, म्हणजे आय आणि एफ. "कै," ते म्हणाले. कै म्हणजे हात. मग तेच हसत सुटले. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत दुसरं काय असणार? राज्य एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, की तमिळमध्ये 'कै मारियदु' म्हणतात, म्हणजे हात बदलला. पोर्तुगीज, डच, इंग्रज, जाफन्याच्या इतिहासात हात बदलण्याला तोटा नाही.

रविवारी धनुजन आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सरांनी त्याला बेत सांगितला. ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहायचं. पान उघडलं, की स्क्रीन रीडरच्या कानी पडायच्या आत ते जुन्या अक्षरांची खरी तमिळ अक्षरं करून टाकेल.

"सोपं आहे, सर. एका अक्षराच्या जागी दुसरं. तुम्ही कळा सांगत जा, मी लिहितो. जेवायच्या आत होईल."

"जेवायला काय आहे ते विचारलंस का?"

"वासच सांगतोय. खेकड्याचा रस्सा. म्हणून तर जेवायच्या आत म्हटलं."

जेवायच्या आत 'तमिळ' आणि 'अम्मा' नीट ऐकू यायला लागले. 'कै' मात्र लंगडत होता. बाई आधी नुसती मात्रा म्हणे, मग एकटा क. धनुजननं डोकं खाजवलं.

"उलट लिहिलंय यांनी. आधी क, मग मात्रा असं हवं ना?"

"फोनवर, तंबी," सर म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "टाइपरायटरवर नाही. कागदावर मात्रा डावीकडे दिसते, म्हणून आधी मात्रा, मग अक्षर."

आपल्या जुन्या मराठी फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, तसलाच प्रकार. धनुजननं अदलाबदलीची ओळ लिहिली आणि कॉम्प्युटरमधल्या बाईचा 'कै' सरळ चालू लागला.

"आता हे फक्त त्या जुन्या फाँटाचं नाव सापडेल तिथेच चालवू," तो म्हणाला.

"कशाला? सगळीकडे चालव. मला तमिळच ऐकायचंय."

"सर, ऐका माझं..."

"तू माझा विद्यार्थी आहेस की मी तुझा?"

दुसऱ्या दिवशी शिक्षण कार्यालयाचं इंग्रजी परिपत्रक आलं. एक्स्टेन्शननं त्यातली सगळी इंग्रजी अक्षरं इमानानं तमिळ केली, आणि बाई घशात माशाचा काटा अडकल्यासारखी वाचू लागली. तयानी दाराला टेकून हसत होती. "अहो, बदली कुठे झालीय तुमची? चंद्रावर?"

सरांनी फोन लावला. "तंबी, तुझं बरोबर होतं."

"काय म्हणालात, सर? नीट ऐकू नाही आलं."

"ऐकू आलंय तुला. फाँटाचं नाव बघूनच बदल."

टर्म सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सरांनी सिवयोगम बाईंना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. वरच्या वर्गातली चारदोन मुलंही होती. "कुठलंही पान उघडा," सर म्हणाले. बाईंनी मुद्दाम सूचनांचं लांबलचक पान निवडलं. सरांनी कानाला हेडफोन न लावता आवाज खोलीत सोडला आणि वेग वाढवला, इतका, की बाईंना एक शब्द धड कळेना.

"हे काय, मधमाश्या सोडल्यात का?"

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पान संपलं. मग ते मुलांकडे वळले. "दुसऱ्या प्रश्नात सगळे सन लिहितात, कारणं कोणी लिहीत नाही. तपासनीस म्हणतोय, राज्य कै मारियदु एवढंच लिहून थांबू नका. कोणाचा हात का सुटला, ते सांगा. काढा वह्या."

बाई मागच्या बाकावर बसल्या त्या तास संपेपर्यंत. मध्येच त्यांनी तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं. फोनमध्ये तो फाँट नव्हता. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, इफ, इफ, इफ.

"आमच्याही फोनवर असंच दिसतं, मिस," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "म्हणून तर आम्ही या खोलीत येऊन वाचतो."

बाईंनी फोन सरांच्या हातात दिला. "यात घालता येईल तुमचं ते?"

"दुसरा ब्राउझर घ्यावा लागेल. मग घालता येईल."

"घाला. नव्या सरांच्याही घाला. खालच्या वर्गांना त्यांनाही लागेलच."

"खालच्या वर्गांना?" सरांनी विचारलं.

"मग काय?" बाई पर्स उचलत म्हणाल्या. "वरच्या वर्गाचं कुठे कै मारियदु झालंय?"

मुलं हसली. सर तोवर बाईंच्या फोनचं वाचून दाखवणं चालू करून नवा ब्राउझर शोधायला लागले होते.