खिद्रापूर आणि दोनदा वाटलेले पेढे

गिरिजाच्या या ब्लॉगवर आजवर केवळ तिची छायाचित्रे येत असत. या वेळी मजकूर माझा आहे. मी तिचा आजोबा. आमच्या घरी अज्जा म्हणतात. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. मजकूर मी कागदावर लिहिला, तिने तो टंकित केला आणि तिने केलेल्या चुका मी तपासून दुरुस्त केल्या. हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रवासाचे कारण असे. गिरिजा कोल्हापुरातच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. पुण्याजवळच्या एका कंपनीने महाविद्यालयात येऊन मुलाखती घेतल्या आणि तिची निवड केली. त्याच सुमारास तिने दुसऱ्या एका मोठ्या संस्थेची लेखी परीक्षाही दिली होती. वस्तू कशी असावी, हातात कशी बसावी, हे तेथे शिकवितात. तिच्या भाषेत डिझाइन. लेखी परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. आता त्या संस्थेने छायाचित्रांचा एक संच मागविला होता आणि विषय दिला होता : डोळ्यांना न दिसणारी गोष्ट छायाचित्रांतून दाखवा.

तिला त्यासाठी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हवे होते. तेथील एका मंडपाचे छत मधोमध गोल उघडे आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा आहे. वरून उतरणारा प्रकाश पकडायचा, असा तिचा बेत होता. माझा मुलगा बसवराज, म्हणजे गिरिजाचे वडील, दुकान सोडून येऊ शकत नव्हता. तो म्हणाला, "अप्पांना घेऊन जा. त्यांनाबी जरा हवा लागंल." हवा मला मंगळवार पेठेतही लागते. तरीही मी निघालो.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी मार्ग सांगतो. कोल्हापूरहून सकाळच्या मिरजेकडील पॅसेंजर गाडीने जयसिंगपूर गाठावे. तिकीट एका चहाच्या आसपास पडते आणि बसावयास जागा मिळते. तेथून एस.टी.ने कुरुंदवाड, आणि कुरुंदवाडहून दुसऱ्या एस.टी.ने खिद्रापूर. ही शेवटची गाडी दिवसात मोजक्याच वेळा असते, त्यामुळे स्वतःचे वाहन असलेले उत्तम. आम्ही सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला होता. खिद्रापुरात चहा मिळतो. जेवणाचा भरवसा धरू नये.

गाडीने रुकडी सोडली. दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती. गिरिजा खिडकीपाशी बसून कॅमेऱ्याची काच पुसत होती. ती अचानक म्हणाली, "अज्जा, एक सांगतो. रागावणार नाही न्हवं?"

कोल्हापुरातील मुली बोलताना 'मी सांगतो, मी येतो' असेच म्हणतात. पूर्वी मी तिला टोकत असे. आता टोकत नाही.

"सांग."

"कंपनीला मी अजून हो कळवलेलं नाही. आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे."

मी तिच्याकडे पाहिले. निवडीची वार्ता ज्या दिवशी आली त्या दिवशी दिवेलागणीच्या आत मी स्वतः, पांढरी टोपी घालून, आमच्या गल्लीत घरोघरी पेढे वाटले होते. शेवंताकाकूंपासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत कोणीही राहिले नव्हते. आमच्याकडे पेढे वाटले म्हणजे गोष्ट ठरली. त्यानंतर ती मोडत नाहीत.

"पेढे वाटून झाले आहेत," मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली.

"नाही म्हणालीस तर काय होईल?"

"कॉलेजचा नियम आहे. आलेली नोकरी सोडली की पुढच्या कुठल्याच कंपनीला बसता येत नाही. आणि डिझाइनचं अजून पक्कं काहीच नाही. फोटो आवडले तर मुलाखत, मुलाखत चांगली झाली तर प्रवेश."

"आणि हो म्हणालीस तर?"

"तर पुण्याला जायचं. डिझाइन संपलं. फोटो सुट्टीच्या दिवशी."

हातकणंगले आले. तिला काय हवे आहे, हे मी विचारले नाही. मला वाटले, पेढे वाटून झाल्यावर तो प्रश्न उरत नाही.

कुरुंदवाडहून निघालेल्या गाडीत वाहकाने मला बजावले, "पावणं, खिद्रापुरातनं परतीची गाडी चारला हाय. चुकली तर मुक्कामच धरा."

"ती कुरुंदवाडला पाचपूर्वी पोहोचते का?"

"ते डायवरला न्हाय, म्हशींना इचारा. रस्त्यात बसत्यात."

खिद्रापूर तीन बाजूंनी कृष्णेने वेढलेले आहे. पलीकडच्या काठावर कर्नाटक. गावात शिरताच गिरिजाच्या फोनने कन्नडमध्ये स्वागत केले आणि त्यानंतर त्याची रेंजच गेली. ज्यांना महत्त्वाचे फोन यावयाचे असतील त्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

मंदिराविषयी मी थोडेच लिहितो, कारण छायाचित्रे खाली आहेत. तळाशी हत्तींची रांग संपूर्ण मंदिर पाठीवर घेऊन उभी आहे. शिवाचे देऊळ असूनही समोर नंदी नाही. आम्ही शिवभक्त माणसे, आमचा हात नमस्कारासाठी आधी नंदीकडे वळतो आणि येथे तो मोकळाच राहतो. पादत्राणे बाहेर काढावी लागतात व दुपारी दगड तापतो, तेव्हा पायमोजे न्यावेत. कॅमेऱ्याची तिपाई आत न्यावयाची असल्यास आधी परवानगी घ्यावी. आमची तिपाई बाहेरच राहिली.

त्या उघड्या छताखाली मी उभा राहिलो तेव्हा खांबांच्या वर्तुळातून आकाश एखाद्या परातीएवढे दिसत होते. सूर्य माथ्यावर येण्याची वाट पाहत गिरिजा शिळेपाशी बसली. परंतु हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारीही प्रकाशाचा गोल शिळेवर आलाच नाही; तो बाजूला सरकून उत्तरेकडील खांबांवर पडला. तिने तरीही पुष्कळ छायाचित्रे घेतली. कधी पालथी पडून, कधी खांबाला टेकून. मग कॅमेऱ्यात पाहत राहिली.

"सुंदर आली आहेत की," मी म्हणालो.

"सुंदर हायत. पण असली सगळ्यांकडं हायत, अज्जा. आणि ह्यात सगळं दिसतंयच. न दिसणारं कुठाय?"

आम्ही बाहेर येऊन लिंबाखाली दशम्या खाल्ल्या आणि समोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. तेथे बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "शाहूपुरीतलं अडतवालं सावकार न्हवं का तुम्ही?"

मी आयुष्यभर शाहूपुरीत गुळाची अडत चालविली. शेतकऱ्याने आणलेला गूळ व्यापाऱ्यास विकून देणे, हे माझे काम. मी होय म्हणालो.

"मी तातोबा. माजा गूळ काळा म्हणून दर पाडलासा तुम्ही!"

"गूळ काळा होताच."

"व्हता की. पर येवढा न्हवता!"

टपरीवाला हसला. तातोबांनी माझ्यासाठी चहा सांगितला व पैसे देऊ दिले नाहीत. गिरिजाने विचारले, "आजोबा, दर कसा ठरायचा तवा?"

"कसा म्हंजे? फडक्याखाली की! तुज्या आज्ज्याला इचार."

तिला ते ठाऊक नव्हते. मी खांद्यावरचे उपरणे काढले आणि दाखविले. त्या काळी अडत्या आणि व्यापारी हातात हात देत, त्यावर रुमाल किंवा उपरणे टाकीत आणि आत बोटे दाबून दर सांगत. किती बोटे धरली, कोठे धरली, यावर आकडा ठरे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणास काही कळत नसे. तोंडाने मात्र आम्ही पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत असू.

"आणि ज्याचा गूळ, तो कुठं असायचा?" गिरिजाने विचारले.

"मी? मी हितं!" तातोबा उठून दोन हात लांब जाऊन उभे राहिले. "नुसतं फडक्याकडं बगत. आत हालचाल दिसायची. माज्याच गुळाचं काय चाललंय ते माजं मलाच ठावं नसायचं. फडकं निगालं की ह्ये सांगायचं, तातोबा, झालं बग. मी म्हणायचो, बरं."

गिरिजा म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच की."

तातोबांना ते समजले नाही. मला समजले. माझ्या हातातला चहा निवला.

ती लगेच कामाला लागली. तिने मला व टपरीवाल्यास उपरण्याखाली हात धरावयास लावले आणि कॅमेरा मात्र तातोबांच्या तोंडासमोर नेला. "आजोबा, तसंच बघा. तवा बघायचा तसं." तातोबा खरोखर तसेच पाहू लागले. त्या जुन्या दराची काळजी त्यांच्या कपाळावर परत आली. खालील छायाचित्रांतील चौथे ते.

मग मी म्हणालो, "तातोबा, इकडे या. आता तुम्ही हात घाला."

"मी? शेतकरी कदी घालतोय व्हय हात?"

"आज घाला."

त्यांनी हात पुसून उपरण्याखाली घातला आणि माझी चार बोटे अशी आवळली की मी ओरडणार होतो. "ह्यो माजा दर!" ते म्हणाले. "दिलासा का?"

"दिला."

तातोबा हसता हसता खाली बसले. गिरिजाने कॅमेरा बाकावर ठेवला व माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अज्जा, आता माझा."

मी सांगितले, "एक बोट म्हणजे पुण्याची नोकरी. दोन बोटे म्हणजे डिझाइन. तोंडाने काही बोलू नकोस."

उपरण्याखाली तिचा हात आला. तो गार होता. प्रथम तिने काहीच धरले नाही. मी तिच्याकडे पाहिले नाही. बाजारात पाहत नाहीत. मी तातोबांना यंदाच्या पाण्याविषयी विचारू लागलो आणि तेही, जुने गिऱ्हाईक, मुकाट्याने उत्तर देऊ लागले. मग तिने माझी दोन बोटे धरली. हलकेच नव्हे. माझ्या बोटातील अंगठी रुतली.

मी उपरणे काढले. "झाले," मी म्हणालो. "आता पाचच्या आत कळविले पाहिजे."

टपरीवर घड्याळ होते, पण फोन लागत नव्हता. परतीच्या गाडीस पुष्कळ अवकाश होता आणि म्हशींचा भरवसा नव्हता. तातोबांनी हाक मारून दुधाचा टेम्पो थांबविला. गिरिजा चालकाशेजारी आणि मी मागे, दुधाच्या कॅनांच्या मधोमध, उपरणे डोक्यास बांधून, असा आमचा प्रवास झाला. वाचकांना हे वाहन मी सुचविणार नाही. परंतु चालकाने पैसे घेतले नाहीत व आम्हांस थेट नरसोबाच्या वाडीस सोडले.

वाडीच्या घाटावर फोनला रेंज आली. गिरिजाने महाविद्यालयातील सरांना फोन लावला. मला केवळ तिची बाजू ऐकू येत होती. "व्हय सर... नियम माहीत आहे सर... नाही, घरच्यांनी नाही, मीच ठरवलंय... हो, लेखी पण पाठवतो." फोन ठेवल्यावर तिने घाटाच्या पायरीवर बसून दोन्ही तळहात गुडघ्यांवर पुसले.

बसवराजला मी फोन केला. तो म्हणाला, "अप्पा, सगळ्या गल्लीत पेढे तुम्हीच वाटलासा की!"

"वाटले."

"आता काय सांगायचं लोकांना?"

"ते मी सांगेन. तुला सांगावे लागणार नाही."

"आणि तिकडं नंबर लागला न्हाय तर?"

"तर पुढे काय करावयाचे ते ती सांगेल. आपण विचारायचे."

शेवटी तो म्हणाला, "बासुंदी आणा येताना." त्यावरून मला समजले की तो रागावला आहे, परंतु फार नाही.

वाडीत बासुंदी, कवठाची बर्फी आणि पेढे घ्यावेतच. घाटावर दुकाने लागूनच आहेत. चव पाहू देतात. मी दत्तास नमस्कार केला, बासुंदी घेतली आणि पेढ्यांच्या दुकानापुढे थांबलो.

"गिरिजा, पेढे घेऊ का?"

"घ्या की. विचारताय कशाला?"

"घेण्यासाठी नव्हे. वाटण्यासाठी विचारतो आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. मग हसली, दिवसभरात प्रथमच. "घ्या. पण वाटायला मी पण येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरी टोपी घातली आणि आम्ही दोघे निघालो. पुडा तिच्या हाती होता. प्रथम शेवंताकाकूंचे दार.

"आता कशाचं पेढं, अज्जा? पगार वाढला व्हय पोरीचा?"

"गिरिजाने ती नोकरी घेतली नाही. ती डिझाइन शिकणार आहे. प्रवेश अद्याप मिळालेला नाही."

शेवंताकाकूंनी आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिले. "नोकरी सोडल्याचं पेढं कोण वाटतंय वो?"

"आम्ही," गिरिजा म्हणाली.

"बरं बाई. मग दोन दे. एक सोडल्याचा, एक नंबर लागंल त्येचा."

इस्त्रीवाल्याने काही विचारले नाही. एकाने दारातूनच हात जोडले आणि घेतला नाही. मला त्याचे वाईट वाटले, हे मी नाकारीत नाही. परंतु पुडा घरी येईपर्यंत रिकामा झाला.

छायाचित्रांचा संच पाठवून झाला आहे. संस्थेचे उत्तर आलेले नाही. गिरिजा मुलाखतीची तयारी करते आणि लग्नसराईत ओळखीच्यांची छायाचित्रे काढून देते. तातोबांचे छायाचित्र मोठे करून त्यांस पाठविले. ते पाहून त्यांनी फोन केला : "ह्यात फडक्याखालचं काय दिसतंय का बगितलं. न्हाय दिसत. पर मला ठावं हाय!"

ते उपरणे गिरिजाने आपल्या टेबलावर घडी घालून ठेवले आहे. मी मागितले नाही. काल संध्याकाळी बसवराज तिच्या खोलीत गेला आणि दार लोटले. बराच वेळ झाला. मी ओसरीवर वाट पाहत होतो. तो बाहेर आला तेव्हा आपली दोन बोटे चोळीत होता.