नाव कापून आलेला भाऊ

माझा थोरला भाऊ मिलिटरीत होता. एकाहत्तरची लढाई करून आला, तेव्हा कडेगावच्या स्टँडवरून गावानं त्याला वाजतगाजत आणलं. पुढं काही वर्षांनी तो कायमचाच आला, तेव्हा घ्यायला मी एकटी गेले. पलटणीतून त्याचं नाव कापलं होतं. पेन्शन नाही, काही नाही.

आबांनी, आमच्या वडलांनी, गावात सांगितलं, छातीचं दुखणं निघालं म्हणून पोराला घरी धाडलं. खरं काय ते उसाला पाणी पाजताना भावानं मला सांगितलं. जतकडचा, मेंढपाळ घरातला एक जवान त्याच्या पलटणीत होता. दोघांना एकत्र पकडलं. कोर्टमार्शल झालं, दोघांनाही कैद झाली. भाऊ सुटला. तो जवान तुरुंगातच काविळीनं गेला.

"चोरी न्हाई, फितुरी न्हाई," भाऊ म्हणाला. "जीव लावला गं एकमेकाला. त्यालाबी कलम हाय."

मी तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. एकदा घरी मानवी हक्कांचा धडा वाचत होते. जगातल्या सगळ्या माणसांना सारखे हक्क, वगैरे. भाऊ जोत्यावर बसून ऐकत होता.

"हे आपल्या सरकारला मान्य हाय?"

"आहे की."

"मग त्यात आमी न्हाई व्हय?"

वर्गात तो धडा मी कसाबसा उरकला.

दिवाळीनंतर भाऊ म्हणाला, त्या जवानाच्या आईला भेटायचंय. एकट्याचा पाय उचलेना, म्हणून मीही गेले. म्हातारी मेंढरांच्या वाड्यापाशी शेण भरत होती.

"माज्या लेकानं काय केलं हुतं?" तिनं विचारलं. "लोक म्हनत्यात, सरकारचा गुन्हा केला."

"कायबी केलं न्हाई, आई."

"तू कोन त्याचा?"

भावानं तिच्या हातातली शेणाची पाटी घेतली. म्हातारीच म्हणाली, "कळलं. सुट्टीला आला की तुजंच सांगायचा." ती आत गेली, ताक घेऊन आली.

"माती कुठं दिली रं त्याला?"

भावाला ते माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढा लढाई बघितलेला माणूस, तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला.

पुढं त्यानं तुरुंगाकडं तसा अर्ज केला. उत्तर आलं, ही माहिती फक्त नातेवाइकांना मिळेल. मग म्हातारीचा अंगठा घेऊन पुन्हा धाडला. त्याला उत्तरच आलं नाही. म्हातारी वाट बघून गेली. तिची माती मात्र भावानं स्वतःच्या हातानं केली.