मुरुडच्या विमानातला मारुती

"साहेब, तिथं पटाशी लावायची न्हाई! मारुती हाय तो!"

मी विमानाच्या कॉकपिटमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर. खाली शिडी धरून अप्पा उभे. अप्पा म्हणजे मुरुडचे जुने आडत व्यापारी आणि तिथल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. माझ्यासमोर शेंदराचा मुठीएवढा गोळा होता, आणि मला हवी ती वस्तू त्याच्याखाली होती.

मी हवाई दलातून निवृत्त झालेला एअरफ्रेम फिटर. इंजिन सोडून विमानाचं बाकी सगळं अंग म्हणजे एअरफ्रेम. हल्ली नांदेडला असतो. आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुठलं जुनं लष्करी विमान कुठे उभं आहे, मालक कोण, कोण दुरुस्त करतंय, याचा माग काढणारे सगळे रिकामटेकडे. बायको त्याला 'भंगाराची भिशी' म्हणते.

शाळेपुढचं हे विमान दोन सीटचं ट्रेनर, म्हणजे नव्या पायलटला शिकवायचं. रस्ता रुंदीकरणात त्याचा चबुतरा जाणार होता. भंगारवाला सोमवारी कटर घेऊन येणार होता. बंगळूरचा एक ट्रस्ट विमान नेऊन दुरुस्त करायला तयार होता, पण विमान नेमकं कोणतं ते सिद्ध करा म्हणाला. शेपटीवरचा नंबर त्यांना चालत नव्हता. बरोबरच होतं. सर्व्हिसमध्ये एकाचं शेपूट दुसऱ्याला आम्हीच लावायचो. खरी ओळख म्हणजे कारखान्याने कॉकपिटमध्ये रिव्हेट मारून बसवलेली, नंबर कोरलेली डेटा प्लेट.

यात माझा स्वार्थही होता. पहिल्या पोस्टिंगला आमच्याकडे हीच ट्रेनर विमानं होती. सकाळी पहिलं इंजिन सुरू झालं की पेट्रोल आणि ओलं गवत यांचा मिळून एक वास यायचा. त्या वासाच्या आठवणीने आजही गलबलून येतं. हे त्यातलंच एखादं असावं, असं फार वाटत होतं.

"प्लेटवर शेंदूर लावला कुणी?"

"मीच. इमान आलं तवा पूजा केली. मोटार असो की वजनाचा काटा, कंपनीच्या पट्टीला गंध लावतोच की आम्ही. मंग वाटलं, हवेत उडतंय म्हंजे मारुतीचंच. तवापासून दर शनिवारी तेल-शेंदूर."

"पण अप्पा, तुम्ही तर महादेवाचे भक्त ना?"

"मारुती कुणाचा अंश हाय मंग?"

मी सरळ मुद्द्यावर आलो. "शेंदूर नाही काढला तर सोमवारी मारुतीसकट कापलं जाईल."

अप्पांनी खालूनच मारुतीला हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाले, "काढा. पर खरवडायचं न्हाई. अख्खा उतरवा."

चिकटलेला स्टिकर काढायला आम्ही गरम हवा देतो. अप्पांच्या सुनेचा हेअर ड्रायर आला, शाळेतून वायर ओढली. कडा सैल झाल्यावर मागून दोरा सरकवत नेला. "हळू, लई हळू," खालून सारखं चालू होतं. गोळा अख्खा सुटला आणि मी तो अप्पांच्या उपरण्यात ठेवला.

आजूबाजूचा पत्रा पार खाल्लेला होता. प्लेट मात्र नव्यासारखी. तेलाने पाणी आत शिरूच दिलं नव्हतं. फोटो पाठवला आणि संध्याकाळी ट्रस्टचा होकार आला.

नंबर आमच्या युनिटमधला नव्हता. मी हिरमुसलो. तरी प्लेटवरून बोट फिरवत बसलो. भाऊबंदच ते.

ट्रेलर आला त्या दिवशी अप्पा म्हणाले, "पट्टी तुमची. मारुती माझा." शाळेच्या नव्या फाटकाशी त्यांनी कोनाडा करून घेतला होता. मारुती बसवताना गोळा उलटा झाला, तर मागे प्लेटची अक्षरं उमटलेली.

"हे काय?"

"विमानाचा नंबर. उलटा उमटलाय. घासून काढू?"

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "इमान तुमच्याकडं हरवलं तर नंबर मला इचारा."

पुढे ट्रस्टने विचारलं, प्लेट टिकवायला कोणतं केमिकल वापरलं? मी खरं ते लिहून पाठवलं. हल्ली जुनं विमान बघायला निघालो की पटाशी घरी ठेवतो आणि गेल्या गेल्या विचारतो, याची पूजा कोण करतं?